आंदणातली रोपं

बार्शीटाकळी सोडून पिंजरच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात पांढऱ्या बारीक जाळीचं एक लांबट घर दिसतं. नवखा माणूस त्याला लग्नाचा मांडव समजतो. ते भगवंतरावांचं रोपांचं घर. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं ते तिथं ट्रेमध्ये वाढवतात आणि आजूबाजूच्या गावांतले लोक ती नेऊन आपापल्या वावरात लावतात. घरात त्याला कोणी नर्सरी म्हणत नाही, नुसतं 'जाळी' म्हणतात. बाबा कुठं आहेत असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, जाळीत.

या जाळीपायी भगवंतरावांनी जेवढी माणसं दुखावली, तेवढी दुसरा कोणी निवडणुकीला उभा राहूनही दुखावत नाही. जाळीला दोन दारं, एकामागे एक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. वावरातून आलेल्यानं कपडे झटकल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. आणि पिवळं घालून तर मुळीच यायचं नाही. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा पिवळा सदरा घालून आला, तर त्याला बाहेर खाटेवर बसवून चहा पाजला आणि रोपं दाराच्या फटीतून दाखवली. मेहुणा पुढं वर्षभर बोलला नाही. भगवंतरावांना त्याचं काही वाटलं नाही. मेहुणा रुसला तरी दिवाळीला परत येतो, पांढरी माशी आत शिरली तर जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

ही पांढरी माशी म्हणजे केवढी, तर पिठाच्या कणाएवढी. पानाच्या खालच्या अंगाला बसते, झाड हलवलं की उठते आणि पुन्हा तिथंच येऊन बसते. पिवळा रंग दिसला की तिला राहवत नाही; म्हणून तर लोक वावरात पिवळे चिकट कागद टांगतात. नुसता रस शोषून भागलं असतं तर कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण आजारी झाडावर बसून आलेली माशी चांगल्या झाडावर बसली, की तिकडचा रोग इकडे येतो. मग कोवळी पानं वाटीसारखी वर वळतात, आखडतात, झाड ठेंगणं आणि गच्च होतं. वऱ्हाडात त्याला कोकडा म्हणतात. कोकड्याची वाईट खोड अशी, की झाड मरत नाही. हिरवंगार राहतं, चार फुलंही देतं, पण फळ धरत नाही. एकदा लागल्यावर औषध नाही. उपटून दूर नेऊन पुरायचं, एवढाच इलाज, आणि हिरवं झाड उपटायला शेतकऱ्याचा हात उठत नाही. त्यात आणखी एक गोम आहे. रोपाला रोग लागला तरी तो लगेच दिसत नाही, वावरात लावून दोन-तीन आठवडे झाले की मग तोंड वर काढतो.

भगवंतराव आणि सत्यभामाबाईंना एकच लेक, पौर्णिमा. तिचं नाव अकोल्याच्या कॉलेजात होतं, मन जाळीत होतं. शाळेत असल्यापासून ट्रेला पाणी देणं हे तिचं काम. झारी अशी धरायची की पाणी पडताना मातीचा कणही हलू नये. पानाचा रंग जरा उतरला तरी तिला बापाच्या आधी कळे. भगवंतराव तिच्या तोंडावर कधी कौतुक करत नसत, पण रोपं न्यायला आलेल्या माणसानं रोपांना चांगलं म्हटलं, की ते पोरीच्या दिशेनं बघून खाकरत.

विपुल असाच रोपं न्यायला आलेला. तो नांदगाव खंडेश्वरकडचा, बरोबर टेम्पोवाले अन्सारभाई. अमरावतीकडची रोपं पोचवायचं काम कित्येक वर्षं अन्सारभाईंकडेच होतं. विपुलनं पहिलं दार उघडं ठेवून दुसऱ्याला हात घातला आणि पौर्णिमेनं त्याला असं झापलं, की अन्सारभाईंनी तोंड फिरवून हसू लपवलं. त्यानंतर विपुल रोपं पाहायला पुन्हा आला, मग पुन्हा आला. एवढ्याशा वावरासाठी माणूस किती वेळा रोपं पाहणार? सत्यभामाबाईंनी काय ते ओळखलं आणि एक दिवस सरळ त्याच्या घरच्यांना निरोप धाडला.

विपुलला वडील नव्हते. घर आणि वावर दोन्ही त्याच्या आईच्या, जमुनाबाईंच्या हातात. बोलणी झाली, कुंकू लावायची वेळ आली, तेव्हा पौर्णिमा सगळ्यांसमोर म्हणाली, की तिला सासरीही स्वतःची जाळी पाहिजे. नवऱ्या मुलीनं दागिन्याचा हट्ट धरला असता तर लोकांना समजलं असतं. जाळी म्हटल्यावर सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. विपुलनं घाईघाईनं हो म्हटलं. जमुनाबाई मात्र म्हणाल्या, "आधी टमाटर येऊ द्या वावरात. मंग जाळीचं पाहू."

एवढ्यावर ठरलं. भगवंतरावांनी टोमॅटोची रोपं लेकीबरोबर आंदण म्हणून द्यायची, ती विपुलनं विहिरीजवळच्या वावरात लावायची, आणि पीक उभं राहिलं की पुढच्या हंगामाआधी पौर्णिमेची जाळी उभी राहील. लोक फ्रिज देतात, कपाट देतात, भगवंतराव टमाटर देऊन राहिले, अशी गावात थट्टा झाली. पण पौर्णिमेनं ती रोपं स्वतः पेरली, स्वतः वाढवली. आपल्याच आंदणाला पाणी घालणारी नवरी त्या तालुक्यात दुसरी झाली नसेल.

लग्न माघातलं. आता हळदीबद्दल बोलायचं तर आमच्या वेळी नवरीच्या अंगाला हळद लागायची, बाकीच्यांच्या नाकाला चुकून. हल्ली सगळ्यांनीच पिवळं व्हायचं असतं. मांडवाचे पडदे पिवळे, खुर्च्यांच्या झालरी पिवळ्या, आत्या-मावश्या पिवळ्या, भाच्यांचे कुडते पिवळे. भगवंतरावांनी आधी विरोध केला. सत्यभामाबाईंनी त्यांना विचारलं, की एकुलत्या एका पोरीच्या हळदीत तुमची माशी मधे आणता का? यावर कोणता बाप काय बोलणार? ते हळदीच्या दिवशी सकाळीच जाळीच्या दाराला कडी घालून आले.

मांडव घरासमोर, आणि मांडवाच्या पलीकडे बांधाला लागून शेजारच्या नत्थुजीचं टोमॅटोचं वावर. त्यातला माल संपलेला, झाडं कोकड्यानं आखडलेली. लग्नाआधी ती उपटून टाक म्हणून भगवंतराव त्याच्या दोनदा हातापाया पडले होते. हिरवी आहेत अजून, लग्नाच्या चटणीला होतील, असं म्हणून नत्थुजीनं विषय संपवला होता. पलीकडे कोणाची तरी कपाशीची पऱ्हाटी शेवटच्या वेचणीसाठी अजून उभी होती. बायका, पोरं नत्थुजीच्याच वावरातून वाट काढत मांडवात येत होती. दुपारी ऊन तापलं आणि पिवळ्या पडद्यांवर पांढरा भुरका दिसायला लागला. लोकांना वाटलं धूळ. एका मावशीनं पदर झटकला, भुरका उडाला आणि पुन्हा पदरावर बसला. सगळ्या हसल्या. भगवंतराव मात्र पाहुण्यांना पाणी देता देता सारखे पडद्यांकडे पाहत होते.

आणि त्या पाहण्यात ते एक गोष्ट विसरले. जाळीतल्या रोपांना सकाळपासून पाणी दिलेलं नव्हतं.

पौर्णिमेला ते आठवलं. हळद लागलेल्या पोरीनं घराबाहेर पडू नये असं म्हणतात, आणि अंगावरची हळदीची साडी आंघोळीआधी बदलायची नसते. बायका जेवायला बसल्या होत्या, त्या गडबडीत ती मागच्या दारानं निघाली आणि जाळीत गेली. दोन्ही दारं तिनं नेमानं लावली. आत रोपांनी माना टाकल्या होत्या. तिनं एकेका ट्रेला पाणी दिलं आणि बाहेर आली, तेव्हा भगवंतराव समोरून धावत येत होते, कारण त्यांनाही तेवढ्यातच आठवलं होतं.

तिच्या पिवळ्या साडीचा काठ भिजलेला होता. ती म्हणाली, "रोपं सुकली होती, बाबा." आणि घराकडे वळली. तिच्या पाठीवर तोच पांढरा भुरका होता. भगवंतरावांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिची पाठ झटकली. बोलणार काय? पाणी द्यायचं आपण विसरलो, आणि पोरगी स्वतःची हळद सोडून आपलं काम करून आली. तिला रागावायचं तोंड त्यांना नव्हतं. संध्याकाळी त्यांनी रोपांवर निंबोळीचा अर्क फवारला आणि मनाची समजूत घातली, की दोन-चार माशांनी काय होणार आहे.

खरं तर काय होऊ शकतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ती रोपं थांबवायला हवी होती. पण लग्न दुसऱ्या दिवशी. ट्रे रुखवतात मांडायचे ठरलेले, तिकडे विपुलनं वाफे करून ठेवलेले. लेकीच्या लग्नात तिचंच आंदण मागं कसं ठेवायचं, आणि ठेवलं तर कारण काय सांगायचं? पाठवणीच्या वेळी ट्रे अन्सारभाईंच्या टेम्पोत चढले. पौर्णिमा रडत गाडीत बसली, आणि रडता रडताच टेम्पोवर ताडपत्री नीट बांधली का म्हणून विचारलं.

पहिले काही दिवस तिच्या फोनवर रोपांचंच बोलणं असे. लागली, उभी राहिली, पानं फुटली. मग ते बोलणं कमी झालं आणि मग थांबलं. भगवंतराव विचारत, टमाटर कसे आहेत? ती म्हणे, आहेत चांगले, आणि फोन आईला द्या म्हणे. भगवंतरावांना जेवण जाईना. सत्यभामाबाई म्हणाल्या, पोरीची आठवण येते म्हणून असं होतं. त्यांनीही तसंच म्हटलं.

खरं काय ते अन्सारभाईंनी आणलं. ते तिकडून रिकामा टेम्पो घेऊन परतताना थांबले, पाणी प्यायले, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाले, "भाऊ, तुमाले सांगू का नोको, इचार करून राहिलो होतो. नांदगावच्या वावरात कोकडा हाये. अन् त्यावरून लोक पोरीले बोलून राहिले."

हळूहळू सगळं कळलं. पौर्णिमेनं पहिली काही झाडं आखडलेली पाहिली आणि त्याच दिवशी सांगितलं, की एवढी झाडं आत्ताच उपटून पुरा, म्हणजे बाकीची वाचतील. विहिरीजवळ जमुनाबाईंनी घरच्यापुरती मिरची राखली होती, तिचीही पानं मुरडलेली. तीही काढा म्हणाली. हातावरची मेंदी अजून उतरली नाही आणि सून उभी झाडं उपटायला सांगते, हे जमुनाबाईंना कसंतरी वाटलं. त्यांनी रागानं काही म्हटलं नाही, फक्त झाडं उपटू दिली नाहीत. पुढं वारा फिरला तसा कोकडा वावरभर पसरला. मग गल्लीतल्या बायकांनी हिशोब जुळवला. नवरी घरात आली आणि वावर बसलं. जिभेनं बोलली तसंच झालं, म्हणजे जीभही काळी. जमुनाबाईंनी हे सुरू केलं नव्हतं, पण थांबवलंही नव्हतं. विपुल आईपुढं बोलत नव्हता आणि बायकोपुढं मान वर करत नव्हता. जाळीचा विषय तर त्या घरात आता कोणी काढतच नव्हतं.

त्या संध्याकाळी भगवंतरावांनी बायकोला हळदीच्या दिवशीचं सगळं सांगितलं. सत्यभामाबाई म्हणाल्या, की रोग आपल्या जाळीतून गेला असं तुम्ही तिथं बोललात, तर उद्या आपल्याकडं रोपं न्यायला कोणी येणार नाही. भगवंतराव म्हणाले, नाही आलं तर नाही आलं. आयुष्यभर ते ज्या नावाला जपत आले होते ते घालवायची त्यांची तयारी झाली होती, आणि तेवढ्यानं लेक सुटेल असा त्यांना भरवसा होता.

अन्सारभाईंच्याच टेम्पोतून ते नांदगावकडे गेले. घरी जायच्या आधी वावरात उतरले. रस्त्यावरून पाहिलं असतं तर कोणीही म्हटलं असतं, काय जोमदार पीक आहे. जवळ गेल्यावर सगळं दिसलं. एकेक झाड ठेंगणं, झुडपासारखं, कोवळा शेंडा मुठीसारखा मिटलेला. त्यांनी एक पान उलटून पाहिलं, मग दुसरं, मग पाहणं सोडून दिलं. ही रोपं पेरताना पौर्णिमेनं एकेक बी बोटानं दाबलं होतं हे त्यांना आठवलं, आणि ते बांधावर जाऊन बसले.

तिथूनच त्यांना विहिरीजवळची मिरची दिसली. तीही पार मुरडलेली, जुनी, निबर झालेली. त्यांच्या मनाला एकदम उभारी आली. कोकडा इथलाच असेल तर? आपल्या रोपांतून नसेलच आला तर? पुढच्या क्षणी त्यांचं त्यांनाच हसू आलं. कोणती माशी कुठून आली हे कोण सांगणार? आणि मुलीचा बाप विहिणीच्या दारात उभा राहून तुमचीच मिरची रोगट होती असं म्हणणार का? त्याचे घाव लेकीनंच सोसायचे. त्यांनी धोतराची माती झटकली आणि घराची वाट धरली.

जमुनाबाईंनी पाहुणचारात काही कमी केलं नाही. खाटेवर सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. विपुल पाया पडला आणि खांबाला टेकून उभा राहिला. चहा घेऊन पौर्णिमा आली. ती वाळली होती. बापाच्या हातात कप देताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि आतल्या दाराशी जाऊन थांबली.

भगवंतरावांनी चहाला तोंड लावलं नाही. म्हणाले, "इहीणबाई, चुकी माही हाये. रोपं माह्या जाळीतूनच बिमार आली. मले शंका होती, तरी मी पाठवली. यात पोरीचा काईच संबंध नाही. गावात कोनी इचारलं तं माह्या नावानं सांगा."

जमुनाबाई काही बोलायच्या आत दारातून आवाज आला.

"बाबांची चुकी नाही," पौर्णिमा म्हणाली. "हळदीच्या दिवशी मी जाळीत गेली होती. रोपांले पानी द्याले. माशी माह्या पिवळ्या साडीवर बसून आत आली."

भगवंतरावांना वाटलं होतं, हे फक्त आपल्याला आणि तिच्या आईलाच माहीत आहे. पण त्यांनी पाठ झटकली होती तेव्हाच तिला कळलं होतं. इतके दिवस ती एकटी हे घेऊन या घरात वावरत होती.

"तू कावून सांगतं हे?" भगवंतराव म्हणाले. "मी सांगतलं ना."

"चुकी झाली म्हटलं तं मानसाले ते सुधरता येते, बाबा," ती म्हणाली. "पायगुन कसा सुधरू?"

विपुलनं पहिल्यांदा मान वर करून बायकोकडे पाहिलं, आणि भगवंतरावांना वाटलं, की आता हा काहीतरी बोलेल. या बोलण्यानं दगडालाही पाझर फुटला असता. जमुनाबाईंचाही चेहरा मऊ झाला होता, त्या पोरीकडे एकटक पाहत होत्या. पण त्यांच्या मनात जे जुळत होतं ते वेगळंच होतं.

"म्हंजे हळद लागल्यावर तू घराच्या भाईर गेली होती," त्या सावकाश म्हणाल्या.

भगवंतरावांना कळलं, की आपण दोघांनी मिळून काय करून ठेवलं. माशी, पिवळी साडी, आखडलेलं पान, यातलं काही त्या बाईच्या कानात शिरलंच नव्हतं. हळदीच्या अंगानं पोरगी बाहेर पडली, एवढंच शिरलं होतं. गल्लीतल्या बायका जे अंदाजानं बोलत होत्या, त्याला आज बापानं आणि लेकीनं आपल्याच तोंडानं साक्ष दिली होती.

भगवंतरावांनी समजावायचा प्रयत्न केला. माशी कशी बसते, रोग कसा येतो, पिवळ्या रंगाचं काय असतं, सगळं सांगितलं. जमुनाबाईंनी मधे न बोलता ऐकलं. मग त्यांनी पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात सांगितलं, की त्यांच्या मनात सुनेबद्दल राग नाही. त्यांची स्वतःची हळद लागली त्या साली सासऱ्यांचा बैल पडला होता, आणि तेव्हा त्यांनी काय काय ऐकलं ते त्यांनाच माहीत. पण वावर सगळ्या घराचं आहे. "हे साल तरी तिनं वावरात पाय नोको टाकू. घरात राहू द्या. पुढचं पुढं पाहू."

भगवंतरावांनी जावयाकडे पाहिलं. विपुल पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत होता. त्यांनी दारातल्या लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ती बापाच्याच तोंडाकडे पाहत होती, जसं लहानपणी ट्रेला पाणी जास्त झालं की पाहत असे. आपण काहीतरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं. चल, घरी चल, असं म्हणता आलं असतं. पण मग गल्लीनं आणखी काय म्हटलं असतं, आणि ती पुन्हा या घरात आली असती तर कोणत्या तोंडानं? हो-नाही करता करता त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"सासूबाई म्हन्तात तसं आयक, बेटा," ते म्हणाले.

पौर्णिमेनं मान डोलावली, त्यांच्या पुढ्यातला भरलेला कप उचलला आणि आत गेली.